निम्मा स्वयंपाक गॅस पेटवण्याआधी: नोकरदार घरासाठी पायरी-पायरीने

संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये, महिलांच्या डब्यात, हे रोज दिसतं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मेथीची जुडी, आणि दादरला बसलेल्या बाईची ठाणं येईपर्यंत जुडी निवडून झालेली. शेजारची न सांगता मूठभर काड्या उचलते आणि निवडायला लागते. मी चौदा वर्षं या डब्यातून जाते-येते. घरचा स्वयंपाक वेळेत कसा बसवायचा, याचं खरं शिक्षण मला इथे मिळालं. मेथीची भाजी शिजायला दहा मिनिटं पुरतात. वेळ जातो तो निवडण्यात, सोलण्यात, चिरण्यात आणि ‘आज काय करू’ या विचारात. ही कामं गॅसपासून वेगळी काढली आणि आठवडाभरात, घरातल्या माणसांत वाटली, तर पावणेआठला कुलूप उघडूनही साडेआठला गरम जेवण ताटात पडतं.

हा लेख नव्याने घर चालवायला लागलेल्यांसाठी आहे. कोणी लग्नानंतर पहिल्यांदाच ओट्यापाशी उभं राहिलं असेल, कोणी बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतत असेल, तर कोणाच्या स्वयंपाकाच्या मावशी गावी गेल्या असतील. पाककृती तुम्हाला कुठेही मिळतील. मी लिहिते आहे ती त्यामागची मांडणी.

पहिली पायरी: एक आठवडा नुसतं लिहा

काहीही बदलू नका. रोज रात्री वहीत दोन-तीन ओळी लिहा: काय शिजलं, बाहेरून काय आलं, काय टाकून द्यावं लागलं, आणि सगळ्यांत जास्त वेळ कशात गेला. आमच्या वहीत एक गोष्ट ठळक दिसली. बाहेरून जेवण मागवलं त्या प्रत्येक दिवशी घरात भाजी होती, पण ती अख्खी, न निवडलेली, फ्रिजच्या तळाशी पडलेली होती. जुडी निवडायची ताकद त्या वेळी कोणातच उरलेली नसते. आळस म्हणून स्वतःला बोल लावण्यात अर्थ नाही. ते काम चुकीच्या वेळी ठेवलं होतं, एवढंच.

दुसरी पायरी: आठवड्याचा स्वयंपाक रविवारी उरकू नका

सुरुवातीला मी हे केलं होतं. व्हिडिओ पाहून रविवारी पाच भाज्या करून डब्यांत भरल्या. बुधवारी फ्लॉवरला वास यायला लागला, भेंडी लिबलिबीत झाली आणि मुलांनी ताट बाजूला सारलं. आपलं जेवण फोडणीचं आहे. ताज्या फोडणीचा वास हाच त्याचा अर्धा स्वाद, आणि तो चार दिवस टिकत नाही. म्हणून रविवारी शिजवायचं नाही, तयारी करायची. दोन तास पुरतात, आणि दोन माणसं असतील तर एकच.

आमच्याकडे या वेळात होतं ते असं. शेंगदाणे भाजून कूट करायचा, तो दोन आठवडे पुरतो. आलं-लसूण थोडं तेल आणि मीठ घालून वाटायचं. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण करायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. उसळीला किंवा रश्शाला दोन तुकडे टाकले की काम झालं. चिंचेचा कोळ काढून काचेच्या बाटलीत ठेवायचा. जवसाची, कारळाची किंवा तिळाची एक सुकी चटणी कुटायची. कोथिंबीर निवडायची, पण धुवायची नाही. कोरड्या फडक्यात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवली की आठवडा निघतो. ओली ठेवली तर तिसऱ्या दिवशी काळी पडते.

काही गोष्टी आदल्या दिवशी करू नयेत. पालेभाजी चिरून ठेवू नका. निवडून ठेवा आणि धुऊन-चिरून घ्या ते करायच्या वेळी. ओलं खोबरं खवून फ्रिजमध्ये दोन दिवसांवर ठेवायचं नाही, जास्त असेल तर फ्रीझरमध्ये टाका. कापलेला बटाटा, वांगं काळं पडतं, ते ऐन वेळीच चिरा.

तिसरी पायरी: नाशाच्या क्रमाने वार लावा

तारीखवार ठरवलेला बेत फार दिवस पाळला जात नाही, असा माझा अनुभव आहे. एखाद्या दिवशी उशीर होतो आणि सगळी साखळी तुटते. त्यापेक्षा वाराला भाजीचा प्रकार ठरवून टाका, आणि क्रम लावा तो कोणती भाजी आधी खराब होते यावर.

भाजी शनिवारी-रविवारी येत असेल तर रविवार ते मंगळवार पालेभाज्या: मेथी, पालक, शेपू, चवळी, तांदुळजा, हिवाळ्यात चाकवत आणि करडई. बुधवार-गुरुवार भेंडी, गवार, फरसबी, तोंडली, फ्लॉवर. शुक्रवार-शनिवारसाठी टिकाऊ माल: दुधी, लाल भोपळा, कोबी, बीट, आणि कडधान्यं. एवढं ठरलं की ‘आज काय’ हा प्रश्न ‘गवार की भेंडी’ इतका छोटा होतो, आणि त्याचं उत्तर नऊ वर्षांचं मूलही देऊ शकतं. आमच्याकडे तेच देतं.

किती भाजी आणायची? इथे बहुतेक घरांचा अंदाज चुकतो, आमचाही चुकत होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्यात प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. म्हणजे ताटाचा अर्धा भाग भाजी-फळांचा. चौघांच्या घरात पाव किलो भेंडी चिरून, तिला तीन-तीन पोळ्या लावून आपण जेवतो, तेव्हा ताट पोळीने भरलेलं असतं. भाजी तोंडी लावण्यापुरती असते. ‘तोंडी लावणं’ या शब्दातच आपली जुनी सवय दिसते. एकदम दीड किलोवर जाणं कोणालाच जमणार नाही. अर्धा किलोची पाऊण किलो करा, डाळीत मूठभर पालक किंवा दुधीच्या फोडी टाका, आणि ताटात रोज एक कोशिंबीर ठेवा.

कोशिंबिरीबद्दल मी आग्रही आहे. काकडी, गाजर, कोबी, मुळा, बीट, टोमॅटो, यातलं जे असेल ते. वर कूट, लिंबू किंवा दही. तिला गॅस लागत नाही आणि शिजवलेली भाजी कमी पडली तरी ताट सावरलं जातं. लिंबाचा आणखी एक उपयोग आहे. पालेभाज्या आणि डाळींतलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं, आणि जेवणाबरोबरचा चहा त्याच शोषणाच्या आड येतो. म्हणून लिंबाची फोड ताटात, आणि चहा जेवणानंतर तासाभराने.

चौथी पायरी: मोड आणायला शिका

एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. मोड आलेली मटकी किंवा मूग फ्रिजमध्ये असेल, तर आठवड्यातली दोन जेवणं, एक नाश्ता आणि एक डबा निघतो. खर्चही फार नाही. मोड येताना कडधान्यातलं क जीवनसत्त्व वाढतं, आणि लोह शोषायला अडथळा करणारं फायटिक आम्ल कमी होतं. आपल्या आज्यांना ही नावं माहीत नव्हती, पण पद्धत अचूक होती.

दीड वाटी मटकी निवडून दोन-तीनदा धुवा. भरपूर पाण्यात सकाळी भिजत घाला, आठ ते दहा तास. रात्री सगळं पाणी काढून टाका आणि पुन्हा एकदा धुवा. मग हातात थोडी-थोडी घेऊन गणंग दाणे काढा. जे दाणे भिजून फुगत नाहीत, दगडासारखे राहतात, ते गणंग, एखादा राहिला तरी दाताखाली येतो. मटकी चाळणीत निथळू द्या, ओल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि भांड्यावर झाकण ठेवून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्या. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीस तास लागतात. थंडीत बांधलेलं फडकं बंद ओव्हनमध्ये उबेला ठेवा. फडकं कोरडं वाटलं तर वर पाण्याचा हबका मारा. घट्ट बांधलं किंवा पाणी राहिलं तर चिकटपणा आणि वास येतो, तसं झालं तर ती मटकी टाकून द्या.

मोड आले की झाकणाच्या डब्यात, खाली कोरडं फडकं अंथरून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चांगले राहतात. मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं घरात असतील तर कच्चे मोड देऊ नका. उबेत आणि ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात. पाच मिनिटं वाफवा, मग कांदा-टोमॅटो-लिंबू घालून द्या.

वालाचं बिरडं ही वेगळी गोष्ट. वालांना मोड आणून एकेक सोलायचा असतो, आणि ते काम मधल्या वारी धरू नका. रविवारी दुपारी गप्पा मारत चौघं बसलात तर अर्ध्या तासात होतं.

राजमा मात्र सहज घेऊ नये. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं. रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, आणि कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्यांनंतर आच मंद करून पंधरा मिनिटं ठेवा. दाणा बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे.

पाचवी पायरी: कुकरची तिन्ही भांडी भरा

कुकर लावायचाच आहे, तर त्यात वरण आणि भात दोनच भांडी का? तिसऱ्यात बीट, लाल भोपळा, दुधी किंवा रताळं ठेवा. भोपळ्याचं भरीत, बिटाची कोशिंबीर, दुधीचा रायता, हे सगळं त्याच गॅसवर निघतं. तूरडाळ अर्धा तास आधी भिजवली तर तीन शिट्ट्यांत मऊ होते. घरी आल्याबरोबर हातपाय धुण्याआधी डाळ भिजत घालायची, ही सवय लावून घ्या.

डाळ एकदाच शिजवा, पण दोन दिवसांची. पहिल्या दिवशी साधं वरण, लिंबू आणि तूप. उरलेलं घोटून लगेच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याचीच गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून आमटी, किंवा कणकेचे तुकडे सोडून वरणफळं. वरणफळं हे अख्खं जेवण आहे, एकाच पातेल्यातलं. वर तूप आणि बाजूला कांदा-काकडी, की आणखी काही नको.

पोळ्यांचं काय

पोळी करणं हे कौशल्य आहे आणि त्याला वेळ लागतो. दोन-दोन तास प्रवास करून आलेल्या माणसाने रोज रात्री सोळा पोळ्या लाटल्याच पाहिजेत असं मला वाटत नाही. जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणा आणि भाजी, आमटी, कोशिंबीर घरी करा. भाजी बाहेरून आणली तर तेल, मीठ, तिखट यावर आपला ताबा राहत नाही, पोळीत तो धोका कमी. पोळ्या विकून घर चालवणाऱ्या कितीतरी बायकांचा संसारही त्यावर उभा असतो.

घरी करायच्या असतील तर कणीक सकाळीच दोन्ही वेळची मळा, तेलाचा हात फिरवून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, आणि लाटायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवू नका, कणीक काळपट आणि आंबूस होते. आठवड्यातून तीनदा तरी भाकरी करून पाहा. हिवाळ्यात बाजरी, एरवी ज्वारी. भाकरी थापता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या कागदावर थापा, महिन्याभरात हात बसतो. भाकरीचं पीठ मात्र थोडंथोडंच दळून आणा. बाजरीचं पीठ फार लवकर कडू होतं.

तेल आणि मीठ मोजायचं कसं

चमच्याने मोजत बसू नका, कोणी फार दिवस मोजत नाही. महिन्याचं सामान भरता तेव्हा मोजा. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार प्रौढांच्या घरात महिन्याला ते सव्वातीन किलोच्या आसपास येतं, तूप-लोणी धरून. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर तळणाचे वार किती होतात ते वहीत पाहा. मिठाची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, नूडल्सचा मसाला सगळं आलं. आम्ही लोणच्याची बरणी टेबलावरून उचलून कपाटात ठेवली. त्याने खप निम्मा झाला.

सकाळचा डबा

सकाळी नवीन काही करायचं नाही, हा नियम. डब्याची भाजी म्हणजे रात्रीची भाजी नव्हे, रात्री चिरून ठेवलेली भाजी. सकाळी फक्त फोडणी. पालेभाजी सकाळच्या डब्याला ठेवू नका, तिला पाणी सुटतं आणि पोळी भिजते. पीठ पेरलेली चालते. मुलांच्या छोट्या सुट्टीसाठी पाकीट देण्याऐवजी भाजलेले चणे-गूळ, राजगिऱ्याची वडी, केळं किंवा पेरूच्या फोडी. नाश्त्याला मुगाचं धिरडं फार सोयीचं आहे. मूग रात्री भिजवले, सकाळी आलं-मिरचीबरोबर वाटले, की तव्यावर घालत जायचं. आंबवायला थांबावं लागत नाही.

काम वाटून घ्या

ही पायरी पाककलेची नाही, पण तिच्याशिवाय बाकीच्या टिकत नाहीत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, असं दिसलं. पुरुषांची ८८ मिनिटं. हा आकडा फक्त स्वयंपाकाचा नाही, पण त्यातला मोठा भाग स्वयंपाकघरातच जातो हे कोणत्याही घरात डोळ्यांनी दिसतं. एकाच माणसाच्या अंगावर सगळं असलेलं घर दोन-तीन महिने चांगलं जेवतं. मग ते माणूस थकतं आणि घर बाहेरचं खायला लागतं.

‘मदत कर’ असं सांगू नका. ‘मदत’ म्हटलं की मूळ काम आपलंच राहतं. काम नावाने द्या. आमच्याकडे कुकर आणि भात नवऱ्याचा, संपूर्ण. तांदूळ संपले हे लक्षात ठेवणंसुद्धा त्याचंच. मोठी मुलगी कोशिंबीर करते, धाकटा लसूण सोलतो आणि डब्यांना झाकणं लावतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण बसून भाजी निवडायला त्यांना आवडतं. दुपारी आकाशवाणी ऐकत त्या शेपूची जुडी निवडतात, आणि मी आले की सांगतात, ‘‘अगं, आज जुडीत अर्धं गवतच होतं.’’ पहिले दोन महिने भात कधी चिकट झाला, कधी करपला. मी हात लावला नाही. लावला असता तर तो पुन्हा माझाच झाला असता.

उरलेलं अन्न

शिळं खाणं वाईट नाही, पण भाताची काळजी घ्या. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात तयार होणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. जेवणं झाल्यावर, फार तर दोन तासांत, भात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फोडणीचा भात करताना तो चांगला वाफ येईपर्यंत परता. कोकणातल्या, मुंबईतल्या उन्हाळ्यात दोन तासही थांबू नका.

सगळं कोलमडतं त्या दिवशी

गाड्या रखडतात, मूल आजारी पडतं, ऑफिसात थांबावं लागतं. त्या दिवसांसाठी घरात चार गोष्टी कायम ठेवा: बेसन, थालिपीठाची भाजणी, अंडी आणि मूगडाळ. किनाऱ्यावरच्या घरात पाचवी गोष्ट म्हणजे सुका जवळा, कांद्यावर परतला की दहा मिनिटांत भाकरीबरोबर जेवण. भाजणी घरी करायची तर माझं माप असं आहे: ज्वारी आणि बाजरी प्रत्येकी तीन वाट्या, तांदूळ दोन, गहू एक, हरभराडाळ दीड, उडीदडाळ एक, धणे अर्धी वाटी, जिरे दोन चमचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर खमंग भाजायचा, गार झाल्यावर गिरणीत द्यायचा. थालिपिठात किसलेला दुधी, कोबी, चिरलेली मेथी, जे सापडेल ते मळून टाका.

आणि खिचडी. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, एकत्र धुऊन निथळायची. कुकरमध्येच दोन चमचे तेलाची फोडणी: मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन मिरच्या. त्यावर फ्रिजमध्ये असेल ती भाजी, गाजर, मटार, भोपळा, वाटी-दोन वाट्या. डाळ-तांदूळ परतायचे, पाच वाट्या गरम पाणी, मीठ, चार शिट्ट्या. कुकर निवेपर्यंत कपडे बदलून होतात, कोणीतरी काकडी चिरतं, कोणीतरी पापड भाजतं. झाकण उघडल्यावर वर चमचाभर तूप, थोडं मेतकूट, आणि लिंबू पिळायचं.